पन्नास लिटर समुद्र

रीफ टाकी लावल्यावर तीन-चार महिने सगळं छान चालतं आणि मग आठवडाभरात प्रवाळं मिटून बसतात, ही तक्रार मुंबई-पुण्यातल्या हौशी मंडळींकडून वारंवार ऐकू येते. पाणी नितळ असतं, मासे खाण्यावर तुटून पडत असतात, दिवा नवाकोरा असतो. अमोनियाची चाचणी शून्य दाखवते. मग संशय येतो तो दुकानदारावर, नाहीतर प्रवाळाच्या जातीवर. अशा वेळी मी सगळ्यात आधी एकच गोष्ट मोजायला सांगतो, ती म्हणजे पाण्याची अल्कॅलिनिटी. मोजून झाली की विचारतो, गेल्या आठवड्यात किती होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्याचं बहुतेकांकडे नसतं, आणि घोटाळा तिथेच असतो.

घरातली छोटी टाकी म्हणजे साधारण दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काचेच्या मापाने तिच्यात सत्तर लिटर मावतात. पण खडक, वाळू आणि वरची रिकामी कड वजा जाता हाती येतं पन्नास लिटर पाणी. उघड्या समुद्रातल्या खडकावर प्रवाळाने कितीही चुना उचलला तरी पुढच्या लाटेबरोबर ताजं पाणी येतं. या पन्नास लिटरांत ताजं पाणी तुम्ही आणाल तेव्हाच येणार. म्हणून या प्रकरणात आकडे पुष्कळ येतील. त्यातला प्रत्येक आकडा तंतोतंत गाठलाच पाहिजे असं नाही. गाठलेला आकडा हलू द्यायचा नाही, एवढं मात्र कटाक्षाने पाळायचं. अल्कॅलिनिटी साडेसात असो की नऊ, प्रवाळं दोन्हींत वाढतात. सोमवारी नऊ, शुक्रवारी साडेसहा आणि रविवारी परत नऊ असली, तर ती टिकत नाहीत.

सुरुवात मिठापासून करू. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे महासागर पालथे घातले. त्या सफरीत गोळा झालेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि ते १८८४ मध्ये प्रसिद्ध झालं. कुठे पाणी जास्त खारं होतं, कुठे कमी. पण विरघळलेल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखंच निघालं. आज आपण पाकिटातलं सॉल्ट मिक्स पाण्यात कालवून समुद्र तयार करू शकतो, तो याच गोष्टीच्या जोरावर. लिटरमागे ३५ ते ४० ग्रॅम मिश्रण घातलं की सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आपापल्या वाट्याने येतात.

उरण-भाईंदरकडे मिठागरं असताना बाहेरचं महागडं पाकीट कशाला, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. समुद्राचं पाणी उन्हात आटवायला घेतलं की सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. पाणी मूळच्या एक-पंचमांशावर आलं की जिप्सम बसतं. दहाव्या हिश्शाच्या आसपास आल्यावर मग मीठ धरायला लागतं. मीठ ओढून घेतल्यावर कोंडीत जे कडवट पाणी मागे राहतं, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम निघून जातं. चांगलं मीठ पिकवणाऱ्याचं सारं कसब सोडियम क्लोराइड बाकीच्यांपासून वेगळं काढण्यातच असतं. म्हणजे प्रवाळाला नेमकं जे हवं, ते मिठागरात दोन्ही टोकांना गळून जातं. ते मीठ स्वयंपाकघरातच राहू द्यावं. जुहूवरून कॅन भरून आणलेलं पाणीही टाकीत घालू नये. शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो.

खारटपणा हजारी ३५ ठेवायचा. २५ अंशांना विशिष्ट गुरुत्वाच्या मापात तो १.०२६ च्या जवळ येतो. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, पण त्याची शून्य खूण नुसत्या शुद्ध पाण्यावर लावून समाधान मानू नये. शून्याला बरोबर दाखवणारं उपकरण ३५ ला दोन-तीनने चुकू शकतं. रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने रीफ टाक्यांच्या रसायनावर विपुल लिहिलं आहे. त्यांनी सांगितलेला एक सोपा उपाय घरी करता येतो. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवायचं. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये हजारी ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतकंच दिसतं. त्याचे दोन थेंब काचेवर टाकून उपकरणाचा स्क्रू ३५ वर आणायचा. बाटली घट्ट बंद करून ठेवली की पुढच्या वेळीही उपयोगी पडते.

टाकीतून उडतं ते फक्त पाणी. मीठ आत राहतं. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची घालायची. नवखा माणूस खारं पाणी कमी झालं म्हणून खारंच घालतो. रोज एक लिटर उडालं आणि रोज एक लिटर खारं घातलं, तर आठवड्याभरात ३५ चा आकडा ४० वर जातो. उलट तीन दिवस काहीच घातलं नाही तर तो ३७ ओलांडतो. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३१ अंशांवर जाऊ लागलं की लोक टाकीवर छोटा पंखा लावतात. उपाय चांगला आहे, तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. पण ते उतरतं बाष्पीभवनामुळेच, म्हणजे भर घालायचं पाणीही दुप्पट होतं. पंखा न लावता तसंच चालवणं मला पटत नाही. ३५ च्या खारटपणाला २५ अंशांवर लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर सव्वासहा. रात्री टाकीतले सगळेच जीव श्वास घेत असतात, तेव्हा हा अर्धा मिलिग्रॅम मोलाचा ठरतो.

भर घालायचं पाणी कुठलं, हा स्वतंत्र मुद्दा आहे. घरात आरओ आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्वयंपाकघरातल्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलं जातं, त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पन्नास-साठ दाखवतो. पिण्यासाठी हे ठीकच आहे. टाकीत मात्र ते पन्नास-साठ रोज साठत जातात, कारण उडणारं पाणी ते बरोबर नेत नाही. त्यात फॉस्फेट आणि सिलिकेट असले तर काचेवर तपकिरी थर आणि खडकावर हिरवे केस दिसू लागतात. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं की आकडा आणखी चढतो. म्हणून आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडून शून्य टीडीएसचं पाणी वेगळं काढावं. ते साठवायला खाण्याच्या दर्जाचा प्लॅस्टिकचा ड्रम वापरावा. तांब्याचा हंडा, कळशी, बंब यांना या कामात अजिबात हात लावायचा नाही, आणि गीझरचं पाणीही घ्यायचं नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध लिटरमागे मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाइतकं देतात. तेवढ्यात मासे बरे होतात, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ जगत नाही. रीफ टाकीतल्या माशाला औषध द्यायचं तर वेगळ्या टाकीत काढूनच.

आता अल्कॅलिनिटी.

दगडी प्रवाळाचा सांगाडा म्हणजे अ‍ॅरागोनाइट, कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप. तो उभारायला प्रवाळ पाण्यातून एक भाग कॅल्शियम आणि दोन भाग बायकार्बोनेट घेतं. सांगाड्यात कॅल्शियम कार्बोनेट बसतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडतं. हा हिशोब ठरलेला आहे. अल्कॅलिनिटी, म्हणजे मुख्यतः हा बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचा साठा, मोजतात डीकेएच या जर्मन अंशांत. ती एक डीकेएच उतरली की त्याच वेळी कॅल्शियम लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम उतरतं. समुद्रात कॅल्शियम असतं ४१० ते ४२० मिलिग्रॅम आणि अल्कॅलिनिटी असते सात डीकेएचच्या थोडी खाली. आता प्रमाण पाहा. एक डीकेएच गेला म्हणजे अल्कॅलिनिटीचा सातवा हिस्सा संपला, आणि कॅल्शियमचा मात्र शंभरातला दोनाहूनही कमी. कॅल्शियम ही तिजोरीतली ठेव आहे, अल्कॅलिनिटी ही खिशातली मोड. बाजारात गेल्यावर आधी संपते ती मोडच. म्हणूनच कॅल्शियमची चाचणी महिनाभर ठीक दाखवत राहते आणि तेवढ्यात टाकी आजारी पडते. छोट्या टाकीवाल्याला एकच टेस्ट किट परवडणार असेल तर ते अल्कॅलिनिटीचं घ्यावं, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

चाचणी अगदी साधी आहे. काचेच्या कुपीत ५ मिलिलिटर टाकीचं पाणी घ्यायचं आणि बाटलीतला द्रव एकेक थेंब टाकायचा. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. प्रत्येक थेंबानंतर कुपी हलवायची. पाचवा, सहावा, सातवा थेंब पडतो, निळा रंग तसाच राहतो. मग एका थेंबाला तो किंचित हिरवट होतो आणि पुढच्या थेंबाला एकदम पिवळा. थेंबात आम्ल असतं. पाण्यातला बायकार्बोनेट ते आम्ल पचवत राहतो. तो संपला की पुढचा थेंब पचवायला कुणी उरत नाही आणि रंग पालटतो. प्रचलित किटांपैकी काहींत एक थेंब म्हणजे एक डीकेएच असतो. त्याहून बारीक मोजायचं तर पाणी ५ ऐवजी १० मिलिलिटर घ्यावं, म्हणजे प्रत्येक थेंब अर्धा डीकेएच होतो. कुपीमागे पांढरा कागद धरावा, बाटली उभी धरावी म्हणजे थेंब सारखे पडतात, आणि रोज एकाच वेळी मोजावं. आकडा वहीत तारखेसह लिहावा. लागोपाठ चार दिवस, मधे काहीही न घालता मोजलं की तुमची टाकी रोज किती खाते ते कळतं. ही खपत कळल्याशिवाय डोसिंगची एकही बाटली विकत घेऊ नये.

खपत कशाची, हे मात्र टाकीत काय ठेवलंय त्यावर अवलंबून आहे, आणि इथे कायद्याचं बोलायलाच हवं. भारतात सर्व दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत. मालवणच्या खडकांवर स्नॉर्केलिंग करताना दिसलेला तुकडा खिशात टाकून आणणं हा गुन्हा आहे, तो तुकडा मेलेला असला तरी. मालवणचा सागरी अभयारण्य परिसर १९८७ मध्ये जाहीर झाला. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. महाराष्ट्राजवळ प्रवाळ आहे ते थोडंच, आणि हौसेसाठी त्याचा एक दाणाही हलता कामा नये. आयात होणाऱ्या दगडी प्रवाळांचा व्यापारही धोक्यातल्या जीवांसाठीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. म्हणून इथल्या माणसाने झोअँथिड, मशरूम, लेदर अशा मऊ प्रवाळांवर थांबावं आणि तीही कागदपत्रं दाखवणाऱ्याकडूनच घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकीतच वाढवलेल्या दगडी प्रवाळांचे तुकडे कायदेशीरपणे मिळतात अशा देशांत राहणाऱ्या वाचकांना पुढचा हिशोब जास्त लागेल. पण मऊ प्रवाळांच्या टाकीतही खपत शून्य नसते. खडकावर चढणारं जांभळं-गुलाबी कोरलाइन शेवाळ चुन्याचंच असतं, गोगलगायीचा शंखही चुन्याचा, आणि लेदरच्या मांसात चुन्याच्या बारीक काड्या असतात.

समजा टाकी आठवड्याला दोन डीकेएच खाते. आठ वरून सहावर आली. तुम्ही नेमाने पाच लिटर, म्हणजे दहा टक्के पाणी बदललं आणि नवं पाणी आठचं होतं. बदलानंतर अल्कॅलिनिटी होते ६.२. म्हणजे दोनपैकी ०.२ भरून आले, बाकीचे १.८ तसेच राहिले. ‘मी दर आठवड्याला पाणी बदलतो’ असं छातीठोक सांगणाऱ्यांची टाकी का ढासळते, ते या एका हिशोबात दिसतं. खपत अगदी थोडी असेल तेव्हाच पाणी बदलून भागतं.

कमतरता भरण्याचे दोन मार्ग छोट्या टाकीला परवडतात. पहिला खायच्या सोड्याचा. पन्नास लिटरांत एक डीकेएच वाढवायला दीड ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात रोज साधारण ०.४ ग्रॅम. दागिने तोलायला वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्यावा, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नये. सोडा निव्वळ सोडाच असावा. केकसाठीची बेकिंग पावडर चालत नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. सोड्याने कॅल्शियम येत नाही, म्हणून त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइडचं वेगळं द्रावण लागतं. दोन्ही एका वेळी, एका जागी ओतली तर पाण्यात दुधी ढग उठतो आणि दोन्ही वाया जातात. एक सकाळी, एक संध्याकाळी, पंपाच्या प्रवाहात.

दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा, आणि मला तो जास्त आवडतो. युरोपातल्या टाक्यांत तो १९७० च्या दशकात रुळला. पीटर विल्कन्स यांनी त्याचा पुरस्कार केला होता. आपल्याकडे निवळी घरोघरी माहीत आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, बाटली घट्ट बंद करून रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. तळाचा गाळ तळालाच राहू द्यायचा, कारण न विरघळलेली अशुद्ध द्रव्यं त्यातच बसतात. बाटली उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर पातळ पांढरा पापुद्रा धरतो. तेवढा चुना फुकट गेला समजायचं. निवळीत कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी प्रवाळ वापरतं त्याच प्रमाणात असतात, त्यामुळे एक वाढली आणि दुसरी घटली असं होत नाही. पन्नास लिटरांत एक लिटर निवळी गेली तर सव्वादोन डीकेएच आणि १६ मिलिग्रॅम कॅल्शियमची भर पडते. आपल्या उदाहरणातल्या टाकीला रोज शंभर-सव्वाशे मिलिलिटर पुरे. पानाच्या दुकानातला चुना मात्र घेऊ नये, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. शुद्धतेचा दाखला असलेली पूड आणावी. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. ती डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच हाताळावी, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. टाकीत ती थेंबथेंबच सोडावी, आणि शक्यतो पहाटे.

बरेच जण भर घालायच्या पाण्याऐवजी सरळ निवळीच वापरतात, म्हणजे जितकं उडेल तितकी निवळी आत जाते. सोय मोठी आहे, पण आपल्या हवेत तिच्यात एक फट आहे. मे महिन्यात पंखा चालू असताना दिवसाला लिटरभर पाणी उडतं. जुलैत हवा दमट झाली की त्याच्या निम्मंही उडत नाही. प्रवाळाची भूक मात्र तीच असते. त्यामुळे उन्हाळ्यात अल्कॅलिनिटी चढत जाते आणि पावसाळ्यात घसरते, आणि टाकीवाल्याच्या वागण्यात काहीच बदल झालेला नसतो. निवळी ठरलेल्या मापाने वेगळी द्यावी आणि उरलेली भर साध्या शुद्ध पाण्याची घालावी.

मॅग्नेशियमचं काम थोडक्यात सांगतो. उष्ण समुद्रातलं वरचं पाणी अ‍ॅरागोनाइटच्या बाबतीत अतिसंपृक्त असतं. त्यात जितकं मावायला हवं त्याच्या तीन-चार पट साहित्य विरघळलेलं असतं. तरी ते आपोआप खाली बसत नाही, याचं एक मोठं कारण मॅग्नेशियम. नव्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर ते जाऊन बसतं आणि वाढ रोखतं. समुद्रात ते लिटरमागे १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ते फार उतरलं की तुम्ही कितीही सोडा आणि कॅल्शियम घाला, आकडे वर येत नाहीत, आणि हीटरवर नि पंपाच्या पात्यांवर पांढरं कवच धरायला लागतं. असं कवच दिसलं की पहिली चाचणी मॅग्नेशियमची करावी. चांगल्या मिश्रणाने पाणी बदलत राहिलं तर छोट्या टाकीत सहसा वेगळं घालावं लागत नाही.

पीएचच्या मागे लागू नये. दिवसा दिव्याखाली शेवाळ आणि प्रवाळातले सूक्ष्म शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, रात्री सगळे मिळून तो सोडतात. पहाटे ७.९ आणि संध्याकाळी ८.३ ही निरोगी टाकीची लक्षणं आहेत. एसी लावून बंद केलेल्या बेडरूममध्ये चार माणसं झोपली की खोलीतल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच उतरतो. त्यावर उपाय खिडकी उघडणं. पीएच वाढवणाऱ्या बाटल्या दुकानात मिळतात, त्या नकळत अल्कॅलिनिटी वर नेतात, आणि मग जिथून बिघाड सुरू होतो तिथेच आपण येऊन पोहोचतो.

उरला कचऱ्याचा हिशोब. माशाचं खाणं आणि विष्ठा कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. सच्छिद्र खडकाच्या आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करून तो सोडून देतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवून, साध्या हवेच्या बुडबुड्यांवर जीव जगवून दाखवले आणि १९६१ मध्ये ती पद्धत छापून आणली. पुढे अर्धशतकात कितीतरी यंत्रं आली, तरी प्रत्येक चांगल्या टाकीचा गाभा अजून सच्छिद्र खडकच आहे. फॉस्फेटला मात्र वायू होऊन उडण्याची वाट नाही. ते येतं खाण्यातून आणि चुन्याच्या खडकाला चिकटून राहतं. गोठवलेली कोळंबी वितळल्यावर तिचं पाणी टाकीत न ओतता गाळणीत धुऊन घ्यावी, एवढ्याने बराच फरक पडतो.

पण शून्याचा हव्यासही धरू नये. नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असलेलं बरं. दोन्ही शून्यावर गेली की प्रवाळातल्या शैवालाची उपासमार होते, रंग फिका पडतो, आणि रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट तपकिरी थर पसरू लागतो. तो काढताना भले भले थकतात. अन्न इतकं कमी असताना अल्कॅलिनिटी दहा-अकरापर्यंत चढवली तर दगडी प्रवाळाची टोकं जळाल्यासारखी पांढरी पडतात.

सोडा घालून समुद्र सांभाळण्याचा हा खेळ फक्त घरातल्या टाकीपुरता नाही. अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर २ या काचबंद वास्तूत १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसं कोंडून घेऊन राहिली. तिथे लाखो लिटरांचा समुद्र आणि त्यात प्रवाळ होतं. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड इतका वाढला की समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकू नये म्हणून त्यांनाही सोडा घालत राहावं लागलं. त्याच समुद्रात नंतर ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी पाण्याचं रसायन मुद्दाम बदलून पाहिलं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार प्रवाळसमूहाची चुना बांधण्याची गती पाण्याच्या संपृक्ततेबरोबर वर-खाली होते. २०१४ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळ रिबेका अल्ब्राइट आणि केन काल्डेरा यांच्या गटाने खुल्या प्रवाळखडकावरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडून अल्कॅलिनिटी वाढवली, तर चुना बांधण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने समुद्राचा पीएच औद्योगिक काळाआधीच्या ८.२ वरून ८.१ वर आणला आहे. हा ०.१ चा फरक क्षुल्लक वाटेल. पण कुपीतला आठवा थेंब सातवा झाला की काय होतं, हे ज्याने आपल्या टाकीत पाहिलंय त्याला तो क्षुल्लक वाटत नाही.

शेवटी सुट्टीचं. गणपतीला चार-पाच दिवस गावी जायचं तर जायच्या आदल्या दिवशी काहीही नवं करू नये. ना नवा मासा, ना मोठा वॉटर चेंज. भर घालणारं स्वयंचलित यंत्र असेल तर त्याच्या डब्यात चार-पाच दिवसांपुरतंच शुद्ध पाणी ठेवावं, म्हणजे फ्लोट अडकला तरी सगळी टाकी गोडी होणार नाही. नसेल तर टाकीच्या काचेवर मार्करने रेघ मारून शेजाऱ्यांना ‘या रेघेपर्यंत या बाटलीतलंच पाणी घाला’ एवढंच सांगावं. खाणं दिवसागणिक पुड्या बांधून द्यावं, नाहीतर प्रेमापोटी आठवड्याचं एका दिवसात जातं. हवेचा एक पंप बॅटरीवर चालणारा असावा. वीज गेली की अल्कॅलिनिटीच्या आधी प्राणवायू संपतो.

परत आल्यावर आकडे घसरलेले दिसले तर दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा: आधी खारटपणा, कारण तो चुकला की बाकीचे सगळे आकडे त्याच्याबरोबर चुकतात, मग मॅग्नेशियम, मग अल्कॅलिनिटी, दिवसाला अर्धा, फार तर एक डीकेएच, आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी. अल्कॅलिनिटी आठ वरून पाचवर गेली असेल तर ती चढवायला तीन-चार दिवस घ्यावेत. या दिवसांत प्रवाळं मिटलेलीच राहतील. त्यांना हलवून, जागा बदलून, दिवा वाढवून पाहू नये. रोज संध्याकाळी पाच मिलिलिटर पाणी कुपीत घ्यावं, थेंब मोजावेत आणि वहीत लिहावं.